शेपट्या मोजताना

सोमवारी तिथे कोळंबी अमर्याद असायची.
एकदाच एकोणीस डॉलर द्यायचे,
मग पोट थांब म्हणेल तिथवर.
इंडियाना. समुद्र कुठूनही दहा-बारा तासांवर.
एका अंगाला टायरचं दुकान, दुसऱ्या अंगाला दातांचा दवाखाना,
मध्ये हे. भिंतीवर प्लास्टिकचं सुकाणू,
जाळ्यात टांगलेले थर्माकोलचे तारामासे.
अशीच सहाशे सुकाणू देशभर, त्याच उंचीवर ठोकलेली,
असं वडील म्हणाले. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

चौघं होते. वडील, डेल्बर्टकाका,
जाडा व्हर्जिल, आणि ऑरीन, जो जेवणाआधी डोळे मिटायचा.
कारखाना बंद होऊन अकरा दिवस झालेले.
फ्रिजच्या दाराला आतून रबरी पट्टी असते ना,
जिच्यामुळे दार थप् करून मिटतं,
ती हे करायचे. वडिलांची बावीस वर्षं त्यात.
"आज यांना बुडवायचं," व्हर्जिल म्हणाला
आणि खुर्ची पुढे ओढली.
यांना म्हणजे कोणाला, मी विचारलं नाही.

मी नऊ वर्षांची. माझ्यापुढे मॅकरोनी.
मुलांच्या मेनूत अमर्याद काहीच नव्हतं.
त्या मेनूच्या पाठीवर मोजणी माझ्याकडे :
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
प्रत्येकाला एक रकाना,
नारिंगी खडूने, कारण बाकीचे तुटके होते.

पहिली ताटली हसत आली.
लसूण-लोण्यातली, तळलेली, नारळाच्या किसात घोळलेली,
ताटलीला बारा. मग आठ. मग पाच,
आणि पाचांखाली भाताचा हा एवढा ढीग.
"भातावर भागवतायत," वडील म्हणाले. "कोणी हात लावू नका."
भात गार होत बाजूला साचत गेला.
शेपट्या वाडग्यात. त्यांना पाय नव्हते, डोकी नव्हती,
मला वाटायचं कोळंबी जन्मते तीच अशी.

वाढायला मर्ना होती. एका बुटाची नाडी पांढरी,
दुसऱ्याची तपकिरी.
"अजून?" ती विचारायची, आणि वळायचीही आधीच.
कागदाच्या तळाशी मी तिच्या खेपांचे ठिपके काढत होते.
ते मला कोणी सांगितलं नव्हतं.
सत्तावीस.

डेल्बर्टकाकाने पट्टा एक भोक सैल केला, मग दुसरं.
ऑरीन केव्हाच थांबलेला, लिंबू चोखत बसलेला.
व्हर्जिल सत्तराव्याला म्हणाला, "बास. ती माझ्याकडे बघायला लागली."
वडील खात राहिले.
चव-बिव संपली होती, बोलणंही.
शिफ्ट सुटली होती आणि वडील ओव्हरटाइम करत होते.

मी उठून दाराजवळच्या काचेच्या टाकीकडे गेले.
तीन शेवंडं, एकमेकांच्या अंगावर पाय देत,
नांग्यांना निळी रबरबँडं.
बिल देऊन वडील मागे येऊन उभे राहिले.
"हे तुमचं रबर?"
त्यांनी वाकून नीट पाहिलं.
"नाही. हे हलकं आहे," म्हणाले,
आणि काचेला तळहात लावून थोडा वेळ तसेच राहिले.

ऑरीन आतच रेंगाळला होता.
ताटलीखाली त्याने काय सरकवलं, दिसलं नाही.

बाहेर पाटीवरचं एक अक्षर विझलेलं, उरलेला लाल उजेड
आमच्या गाडीवर.
वडील गाडीच्या मागच्या बाजूला गेले. वाकले. बराच वेळ.
मी खिडकी वर घेतली, पण आवाज यायचा तो आलाच.
मग आत बसले, बाहीने तोंड पुसलं.
"किती झाल्या माझ्या?"
कागदावर एक्क्याण्णव होत्या.
"एकशे चार," मी म्हणाले.
"वसूल," ते म्हणाले आणि चावी लावली.

रात्री खाली फ्रिज उघडल्याचा आवाज आला.
पाणी प्यायचं असेल.
दार मिटलं, थप्.
परत उघडलं.
मी उशीखाली कागद सरकवला, तेलकट, नारिंगी,
परत मिटलं.